पाण्याचें मूळगांव



पावसाळ्याचे चार महिने आपण रोज हवामानाचें वृत्त ऐकतों. कुलाब्यास इतके मिलिमीटर, सांताक्रूझला इतके, महाबळेश्वरास इतके; हे आंकडे ऐकून कोणाला धरणाची आठवण होते, कोणाला पेरणीची, आणि मुंबईकरास बहुधा दुसऱ्या दिवशींच्या लोकलगाडीची. परंतु हे सारे आंकडे पाऊस किती पडला एवढेंच सांगतात. कोणता पाऊस पडला, हें त्यांवरून कळत नाहीं. ‘कोणता पाऊस’ हा प्रश्न कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पाणी तें पाणी. आकाशांतून पडलेल्या स्वच्छ पाण्यांत डावें-उजवें काय करावयाचें? तथापि गेल्या सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें आहे कीं, मुंबईचा पाऊस व दिल्लीचा पाऊस, डोंगराच्या पायथ्याचा पाऊस व माथ्यावरचा पाऊस, जूनचा पाऊस व ऑक्टोबरचा पाऊस हे पुष्कळ ठिकाणीं एकमेकांपासून ओळखतां येतात. आणि ही ओळख त्या पाण्याच्या अंगींच मुरलेली असते, बाहेरून लावलेली नसते. या ओळखीचे आतां नकाशे झाले आहेत. ते कसे तयार होतात, आणि उन्हाळ्यांत झरा आटणाऱ्या एखाद्या गांवास त्यांचा काय उपयोग होतो, हें आज सांगावयाचें आहे.

पाण्याचा रेणु उज्जवायूचे, म्हणजे हायड्रोजनचे, दोन अणु आणि प्राणवायूचा, म्हणजे ऑक्सिजनचा, एक अणु मिळून होतो, हें आपण सर्व शाळेंत शिकलों. शाळेंत जें सांगितलें जात नसे, निदान मी तरी पुष्कळ वर्षें सांगत नसें, तें हें कीं, प्राणवायूचे सगळे अणु वजनानें सारखे नसतात. बहुतेकांचें वजन १६ असतें; पण दर पांचशें अणूंत सुमारें एक १८ वजनाचा निघतो. १७ वजनाचेहि अगदीं थोडे असतात, ते आज बाजूस ठेवूं. उज्जवायूचीहि तीच गोष्ट. त्याचा अणु सामान्यतः १ वजनाचा. परंतु समुद्राच्या पाण्यांत सुमारें ६,४०० अणूंमागें एक अणु दुप्पट वजनाचा असतो, त्यास ड्यूटेरियम असें नांव आहे. १८ वजनाच्या प्राणवायूचा शोध १९२९ सालीं जिऑक व जॉन्स्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं लावला. ड्यूटेरियमचा शोध हॅरॉल्ड यूरी यांनीं १९३१ सालीं लावला, व त्याबद्दल त्यांस १९३४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. रसायनाच्या दृष्टीनें एकच परंतु वजनानें भिन्न अशा या भावंडांस समस्थानिक म्हणतात. कांहीं समस्थानिक किरण टाकीत टाकीत नाहींसे होतात. आज ज्यांविषयीं बोलावयाचें ते तसे नाहींत. ते स्थिर आहेत. समुद्रांत असोत, ढगांत असोत किंवा आपल्या रक्तांत असोत, ते होते तेच राहतात. असें जड पाणी आपण प्रत्येक घोटाबरोबर पितों; तेवढ्यानें कोणासहि अपाय होत नाहीं, आणि चवीवरून तें ओळखणारी जीभ अजून जन्मास यावयाची आहे.

जड रेणूंचें प्रमाण सांगण्याची एक पद्धत ठरलेली आहे, ती समजून घेतली म्हणजे पुढचें सर्व सोपें होतें. समुद्राच्या सरासरी पाण्यास माप मानिलें आहे. समजा, समुद्राच्या ठराविक पाण्यांत जड प्राणवायूचे १,००० रेणु आहेत. पावसाच्या तेवढ्याच पाण्यांत ते ९९५ सांपडले, तर त्या पावसाचा आंकडा ‘उणे ५’ असें म्हणावयाचें. आंकडा जितका अधिक उणा, तितकें पाणी हलकें. हें माप घरोघर निरनिराळें होऊं नये म्हणून व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था प्रमाणभूत पाण्याच्या लहान लहान कुप्या जगांतील प्रयोगशाळांस पुरवीत असते. दक्षिण ध्रुवाकडील बर्फापासून केलेली अशीच दुसरी एक कुपी आहे, तिचा आंकडा उणे ५५·५. म्हणजे निसर्गांतील बहुतेक सारा खेळ हजारीं पन्नास-साठांच्या आंत चालतो, आणि आपल्याकडच्या पावसाचा तर त्याहूनहि पुष्कळ थोड्या जागेंत.

इतका सूक्ष्म फरक तोलावयाचा कसा? यासाठीं मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र वापरतात. त्यांत अणूंस विद्युद्भारित करून वेगानें एका चुंबकाजवळून नेतात; हलके अधिक वळतात, जड कमी वळतात, आणि दोघे दोन निरनिराळ्या ठिकाणीं जाऊन आपटतात, तेथें त्यांची मोजदाद होते. अलीकडे लेसर किरणांच्या साहाय्यानें हेंच काम टेबलावर मावणारीं यंत्रें करूं लागलीं आहेत, त्यामुळें खर्च व श्रम दोन्ही बरेच कमी झाले. हजारीं एकदशांशापर्यंतचा फरक चांगल्या प्रयोगशाळेंत विश्वासानें सांगतां येतो.

आतां ही वजनांतील तफावत पावसांत कशी उतरते तें पाहूं. जड रेणु थोडे सुस्त असतात. समुद्राच्या पृष्ठभागावरून वाफ होतांना हलके लौकर उडतात, जड मागें रेंगाळतात. म्हणून समुद्रावरची वाफ समुद्राहून हलकी असते. उलट, ढगांत वाफेचें पाणी होऊं लागलें कीं जड रेणु आधीं खालीं बसतात. शाळेची सहल गडावर निघाली म्हणजे काय होतें तें आठवावें. पहिल्या टप्प्यावर जीं मुलें ‘गुरुजी, थोडें बसूं या’ म्हणून बसकण मारतात, त्यांत अंगानें स्थूल मुलांचा भरणा अधिक. दुसऱ्या टप्प्यावर उरलेल्यांतलीं तशींच. माथ्यावर पोंचणाऱ्या टोळींत बहुतेक काटक मुलेंच उरतात. प्रत्येक टप्प्यावर कांहीं सडपातळ मुलेंहि बसतातच हें विसरूं नये. बदलतें तें प्रमाण. ढगाचेंहि असेंच आहे. समुद्रावरून निघालेली वाफ जसजशी पाऊस गाळीत पुढें जाते, तसतसा तिच्यांतील जड भाग झडत जातो, आणि पुढचा पाऊस मागच्याहून हलका होतो. २५ अंश उष्णतेस पाणी व वाफ यांतील जड प्राणवायूचा फरक हजारीं सुमारें ९ असतो. म्हणून समुद्रावरून आलेल्या ताज्या वाफेचा पहिला पाऊस समुद्राच्या जवळपासच, उणे दोन-तीनाच्या आसपास, उतरतो. परंतु तीच वाफ निम्मी गळून गेली कीं उरलेल्या निम्म्या वाफेचा आंकडा मूळच्याहून आणखी सहा-साडेसहांनीं खालीं गेलेला असतो. यावरून पुढील गोष्टी सहज ध्यानांत येतील. समुद्रापासून दूर जावें तों पाऊस हलका. डोंगर चढावा तों पाऊस हलका. थंड प्रदेशाकडे जावें तों तर फारच हलका. आणि उष्ण कटिबंधांत, जेथें उष्णतामान वर्षभर फारसें बदलत नाहीं, तेथें ज्या महिन्यांत पाऊस धुवांधार, त्या महिन्याचें पाणी पुष्कळदां हलकें, व ज्या महिन्यांत चार सरी, त्या महिन्याचें जड.

या साऱ्या अभ्यासाचा आरंभ मात्र फार घरगुती आहे. १९५२ सालच्या जून महिन्यांत कोपनहेगन शहरीं विली डान्सगार्ड नांवाच्या एका तरुण पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें आपल्या घराच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेविली, तिच्या तोंडांत नरसाळें बसविलें, आणि पडणारा पाऊस गोळा केला. सुटीचा दिवस, बाहेर पाऊस, आणि प्रयोगशाळेंत मास स्पेक्ट्रोमीटर रिकामा. या तीन गोष्टी जुळून आल्या. ढगांची एक मोठी आघाडी शहरावरून चालली असतां त्याच्या बाटलींत पडलेल्या पाण्याचा आंकडा वेळोवेळीं बदलत गेला. एवढ्यावरून त्यानें ताडलें कीं, ढगाच्या उष्णतेचा व पाण्याच्या वजनाचा संबंध आहे. आणि १९५४ सालीं त्यानें असें सुचविलें कीं, ग्रीनलंडमधील बर्फाच्या जुन्या थरांवरून पूर्वींच्या युगांतील हवामान वाचतां येईल. तें पुढें खरें झालें. ग्रीनलंडच्या कँप सेंचुरी येथील सुमारें १,४०० मीटर खोल बर्फाचा स्तंभ १९६६ सालीं बाहेर निघाला आणि त्यांतून लाखावर वर्षांचें हवामान वाचलें गेलें. तो विषय स्वतंत्र आहे. आपल्यापुरतें इतकेंच पुरे कीं, एक बाटली व एक नरसाळें यांवर हें शास्त्र उभें राहिलें.

पुढें हायड्रोजन बाँबच्या चांचण्यांमुळें पावसांत किरणोत्सर्गी ट्रिटियम मिसळूं लागलें, त्याची नोंद ठेवण्याची निकड भासली, आणि त्या निमित्तानें आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक हवामान संघटना यांनीं मिळून पर्जन्यजलाचें एक जाळें उभारलें. योजना १९५८ ची, प्रत्यक्ष काम १९६१ च्या सुमारास सुरू झालें. तेव्हांपासून आजवर १२५ हून अधिक देशांतील हजारावर ठिकाणीं महिन्याच्या महिन्यास पावसाचें पाणी बाटलींत भरून तपासलें गेलें आहे. आरंभींच्या भारतीय ठिकाणांत आपली मुंबई होती, दिल्लीहि होती. वाईट निमित्तानें सुरू झालेलें पण चांगल्या कामास आलेलें असें हें एक उदाहरण म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच १९६१ सालीं हार्मन क्रेग या शास्त्रज्ञानें जगांतील नद्या, पाऊस व बर्फ यांचे आंकडे आलेखावर मांडले, एका अंगास जड प्राणवायु, दुसऱ्या अंगास ड्यूटेरियम, आणि ते बहुतेक सर्व एकाच सरळ रेषेवर येऊन बसले. प्राणवायूच्या आंकड्यास आठांनीं गुणावें व त्यांत दहा मिळवावे, म्हणजे ड्यूटेरियमचा आंकडा येतो. या रेषेचा उपयोग व्यवहारांत फार होतो. उघड्यावर साठून उन्हानें आटलेलें पाणी या रेषेवर राहत नाहीं. तें तिच्या खालच्या बाजूस सरकतें. म्हणून तलावाखालच्या विहिरींत येणारें पाणी तलावांतून झिरपलेलें, कीं सरळ पावसाचें, हा वाद या रेषेवरून पुष्कळदां तुटतो. त्या दहाच्या आंकड्यांतहि अर्थ आहे. वाफ कोरड्या हवेंत झाली असेल तर दहाचे पंधरा-वीस होतात. भूमध्य समुद्राच्या पूर्वभागांतील पावसांत ते सुमारें बावीस भरतात. म्हणजे पाणी कोणत्या समुद्रावरून निघालें, याचाहि सुगावा लागतो.

मोजमापाचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. माझ्या शाळेंत मुलांनीं एक पर्जन्यमापक ठेविला होता; त्याची नोंद एकदां भर वैशाखांत दोन इंच दिसली, तेव्हां माळ्यानें झारीनें बाग शिंपली होती असें निघालें. तसली चूक निदान कळते. समस्थानिकांच्या कामांतील चूक कळत नाहीं. बाटलीचें बूच सैल राहिलें, पाणी थोडेंसें उडालें, कीं हलके रेणु जातात व आंकडा चढतो. आणि पाणी दिसावयास तसेंच स्वच्छ! म्हणून महिनाभर उघड्यावर राहणाऱ्या बाटलींत वर पातळ पॅराफिन तेलाचा थर देतात, किंवा नरसाळ्यांत टेबल-टेनिसचा हलका चेंडू ठेवितात. पाऊस आला कीं तो तरंगून वाट देतो, थांबला कीं भोंक बंद करतो. शिवाय वर्षाची सरासरी काढतांना प्रत्येक महिन्याच्या आंकड्यास त्या महिन्याच्या पावसाच्या मानानें वजन द्यावें लागतें. जुलैची धार आणि मार्चमधील अवकाळी सर यांस सारखेंच मानलें तर उत्तर चुकतें.

अशा रीतीनें ठिकठिकाणचे आंकडे हातीं आले, तरी नकाशा अजून झाला नाहीं. दोन ठिकाणांच्या मधल्या प्रदेशाचें काय? येथें पद्धत अशी. ज्या ठिकाणांचे आंकडे आहेत त्यांवरून अक्षांश व उंची यांचा पाण्याच्या वजनाशीं कसा संबंध आहे तें गणितानें ठरवावयाचें. नंतर प्रदेशाच्या प्रत्येक लहान चौकटीची उंची घेऊन तेथें काय आंकडा यावा तो मांडावयाचा. आणि ठिकाणावर प्रत्यक्ष मोजलेला व गणितानें आलेला यांत जो फरक राहील, तो जवळच्या चौकटींत अंतराच्या मानानें वांटून टाकावयाचा. अमेरिकेंतील गॅब्रिएल बोवेन व त्यांचे सहकारी यांनीं २००२ च्या सुमारापासून या रीतीनें साऱ्या जगाचे नकाशे तयार केले. त्यांस आतां ‘आयसोस्केप’ असें नांव रूढ झालें आहे. नकाशा रंगीत व देखणा असतो, आणि हाच त्यांतील धोका आहे. जेथें बाटली होती तेथला रंग हा साक्षीदाराचा जबाब आहे. जेथें बाटली नव्हती तेथला रंग हें वकिलाचें अनुमान आहे. परंतु छापतांना दोन्ही रंग सारखेच उमटतात. नकाशा पाहणारानें प्रथम ठिपके शोधावे, रंग मागून पाहावे, असें मला वाटतें.

आपल्या देशाकडे वळूं. मुंबईच्या पावसाची वजनी सरासरी सुमारें उणे १ ते उणे २ यांच्या दरम्यान येते. दिल्लीची उणे ५ ते उणे ६ च्या आसपास. मुंबईस समुद्र दाराशीं आहे, तेव्हां तिचा पाऊस समुद्राच्या जवळचा असावा हें ठीकच. दिल्लीस पोंचेपर्यंत वाफेनें वाटेंत पुष्कळ पाऊस गाळलेला असतो. त्यांतहि दिल्लीस मे-जूनमध्यें वळवाच्या सरी येतात तेव्हां खालची हवा इतकी कोरडी असते कीं, थेंब पडतां पडतांच अर्धा सुकतो, व खालीं पोंचलेल्या पाण्याचा आंकडा कधीं कधीं समुद्राच्याहि वर जातो. दक्षिणेंत आणखी एक गंमत आहे. केरळांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस जड व ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, बंगालच्या उपसागराकडून येणारा पाऊस स्पष्टपणें हलका. बंगालच्या उपसागरांत गंगा-ब्रह्मपुत्रेचें गोडें, हलकें पाणी मिसळतें, आणि त्याच्यावरून येणाऱ्या ढगांनीं वाटेंत पुष्कळ पाऊस गाळलेलाहि असतो. एकाच विहिरींत दोन पावसाळ्यांचें पाणी किती किती आहे, हें यावरून सांगतां येतें. असे प्रश्न देशभर सोडविण्यासाठीं अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालीं अनेक संस्थांनीं मिळून भारतांतील पाण्यांची समस्थानिकांवरून ओळख पटविण्याचा एक राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, आणि पाऊस, नद्या, भूजल व समुद्र या सर्वांचे नमुने एकत्र तपासले.

या नकाशांचा एक उपयोग पाण्याबाहेरचाहि आहे, तो थोडक्यांत सांगतों. पावसाळा सरतां सरतां आपल्या माळावर पिवळसर चतुरांचे थवे उडतांना दिसतात. ते ऑक्टोबरपासून मालदीव बेटांवर लाखोंनीं उतरतात. आणि त्या बेटांवर तर चतुराच्या अळीनें वाढावें असें गोडें उघडें पाणी जवळजवळ नाहीं. चतुराची अळी ज्या डबक्यांत वाढते, त्या डबक्याच्या पाण्यांतील ड्यूटेरियमची खूण त्याच्या पंखांत कायम राहते. २०१२ सालीं हॉब्सन, अँडरसन प्रभृति शास्त्रज्ञांनीं मालदीवमध्यें पकडलेल्या चतुरांचे पंख तपासून पावसाच्या नकाशाशीं ताडले, तेव्हां ते भारतीय उपखंडाच्या उत्तर भागांतून, किंवा त्याच्याहि पलीकडून, आले असावे असें दिसून आलें. बोटभर लांबीचा कीटक हिंदी महासागर ओलांडावयास निघतो, आणि त्याच्या पंखावर त्याच्या जन्मगांवच्या पावसाचा शिक्का असतो! वाहवत न जातां मूळ मुद्द्यावर येतों.

उत्तराखंडांत चमोली जिल्ह्यांत अलकनंदेच्या कांठीं गौचर म्हणून गांव आहे. त्या डोंगराळ भागांत पिण्याचें पाणी झऱ्यांचें. नदी खालीं वाहते, परंतु घरें वर आहेत, आणि उन्हाळ्यांत झरे आटले कीं डोक्यावर हंडे घेऊन उतरावें व चढावें लागतें. हें काम कोणाच्या वांट्यास येतें तें सांगावयास नको. झऱ्यास पाणी वाढवावयाचें तर त्याच्या वरच्या अंगास पाऊस अडवून जिरविला पाहिजे, इतकें कोणासहि समजतें. पण वर म्हणजे कोठें? डोंगर मोठा, पैसा थोडा. झऱ्याच्या लगेच वर चर खणला आणि त्या पाण्याची वाट भलतीकडून असली, तर सगळी मेहनत दुसऱ्याच दरींत वाहून जाते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं डेहराडूनच्या हेस्को या संस्थेबरोबर येथें समस्थानिकांची पट्टी लावली. त्या भागांत उंची १०० मीटरांनीं वाढली कीं पाण्यांतील जड प्राणवायूचा आंकडा ०·५५ नें व ड्यूटेरियमचा ३·८ नें उतरतो, असें आढळलें. आतां हिशेब पाहा. समजा, झऱ्याच्या उंचीवरच्या पावसाचा आंकडा उणे ८ आहे आणि झऱ्याच्या पाण्याचा उणे ९·१. फरक १·१, त्यास ०·५५ नें भागिलें कीं दोन येतात, म्हणजे झऱ्याचें पाणी त्याच्या वर सुमारें २०० मीटरांवर जमिनींत शिरलें. हे आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं मीं घेतले आहेत. प्रत्यक्षांत भूस्तर, डोंगराचा उतार, पाण्यांतील क्षार व समस्थानिक या सर्वांचा मेळ घालून तीन दऱ्यांसाठीं अनुक्रमें १,२५०, १,३३० व १,०२० मीटर अशा उंचीवरच्या जागा मुक्रर झाल्या. त्या जागीं जमिनीखालील बंधारे, लहान बांध व समपातळीचे चर घातले. पुढच्या पावसाळ्यांत व त्यानंतर झऱ्यांचा प्रवाह लक्षणीय वाढला, आणि कोरड्या दिवसांतहि ते आटले नाहींत. हा वृत्तांत २००८ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

हें ऐकून आपल्यापैकीं कोणी म्हणेल, मग सह्याद्रींतल्या झऱ्यांसाठींहि हीच पट्टी उचलून आणावी. तसें करतां येणार नाहीं. आणि माझ्या मतें या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कर्नाटकाच्या बाजूच्या सह्याद्रींत पडणारा पाऊस यादव, रमेश व पंढरीनाथ यांनीं तपासला, व २००७ सालीं त्याच नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. तेथें आढळलें तें नेहमींच्या उलट! पाऊस अधिक तेव्हां पाणी हलकें, असा जो उष्ण कटिबंधाचा साधारण नियम मघां सांगितला, त्याऐवजीं पाऊस वाढला कीं पाणी जड झालेलें दिसलें. विचार केला म्हणजे हें फारसें आश्चर्याचें वाटत नाहीं. गंगेच्या मैदानांतून हिमालयास भिडणारी वाफ फार लांबून, वाटेंत गळत गळत आलेली असते; सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्र कोसांच्याच अंतरावर आहे, व पश्चिमेचा वारा ताजी वाफ सारखी ओतीत असतो. सहलीचेंच रूपक पुन्हा घ्यावयाचें तर, येथें पहिल्या टप्प्यावर मुलें बसतात न बसतात तोंच पायथ्याशीं दुसरी शाळा येऊन पोंचते, आणि कोणत्या शाळेचीं किती मुलें वर गेलीं याचा मेळ लागत नाहीं. त्यांत पुन्हा आपल्या घाटांचा स्वभाव. महाबळेश्वरास वर्षास पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेस खालीं वाईस त्याचा सहावा हिस्साहि नाहीं. उंची, पाऊस व समुद्रापासूनचें अंतर हीं तिन्हीं इतक्या थोड्या जागेंत एकदम बदलतात कीं, आंकड्यांतील कोणता फरक कोणामुळें झाला हें वेगळें काढणें कठीण. जगाच्या नकाशावर या सर्व भागास मिळून एक-दोन रंगाच्या छटा मिळतात. त्या छटांवर विसंबून एखाद्या वाडीचा चर कोठें खणावा हें ठरविणें म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा नकाशा पाहून बांधावरून वाट काढण्यासारखें आहे.

म्हणून सह्याद्रीस त्याची स्वतःची पट्टी पाहिजे, आणि ती तयार करण्यास कोंकणपट्टी, घाटाचा चढ, माथा आणि पूर्वेचा उतार अशा निरनिराळ्या उंचीवर बाटल्या ठेवाव्या लागतील, एका ओळींत नव्हे तर अनेक ओळींत. आणि एकाच पावसाळ्यापुरत्या नव्हे, कारण एखादें वर्ष अतिवृष्टीचें तर एखादें कोरडें निघतें. मुंबईची जुनी महिनेवारी नोंद कांहीं वर्षांनीं खंडित झाली. ती सलग राहिली असती तर आज तुलनेस केवढा आधार झाला असता! यंत्र महाग असतें, पण तें एकाच ठिकाणीं असलें म्हणजे झालें. गांवोगांव लागतें तें नरसाळें, बाटली, घट्ट बूच आणि रोज पाहणारा एक विश्वासू माणूस. घाटमाथ्यावरच्या पुष्कळ शाळांत पर्जन्यमापक ठेवतां येईल इतकें अंगण आहे, आणि पहिल्या तारखेस बाटली बदलून तिच्यावर दिनांक घालण्यास विज्ञानाची पदवी लागत नाहीं.

झऱ्याची बाटली मात्र वेगळ्या वेळीं भरावी लागते. पावसाळ्यांत झऱ्यांत वरवरचें ताजें पाणी मिसळलेलें असतें, त्यावरून मूळचा पत्ता लागत नाहीं. फाल्गुन-चैत्रांत, धार बारीक झाली परंतु अजून तुटली नाहीं अशा वेळीं, भांडें खडकाशीं अगदीं लावून, बाटली कांठोकांठ भरून, आंत हवेचा बुडबुडा न ठेवितां बूच लावावें.